फिरायला नेण्यासाठी कॅमेऱ्याची छोटी बॅग, जी कॅमेऱ्याची वाटणार नाही

कॅमेऱ्यासोबत फुकट मिळते ना ती काळी चौकोनी बॅग, समोर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात छापलेली, ती घरी कपाटात कॅमेरा ठेवायला बरी आहे, प्रवासाला नको. संध्याकाळी ठाणे स्टेशनचा पूल, वारीत दिवे घाटातली गर्दी, किंवा युरोप टूरला गेलात तर रोमची ६४ नंबरची बस (टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनच्या बाजूला जाते आणि पाकीटमारांसाठी बदनाम आहे), अशा ठिकाणी ती बॅग गळ्यात असली की आत काय आहे आणि साधारण केवढ्याचं आहे हे लांबूनच कळतं. बरं चोरी हा अर्धाच भाग झाला. साधी पिशवी घेऊन टपरीवर बसलात तर चार गप्पा होतात आणि मग विचारून निवांत फोटो काढता येतो, तीच मोठी कॅमेरा बॅग दिसली की पहिला प्रश्न "कुठल्या चॅनलचे तुम्ही?" आणि समोरचा माणूस केस सारखे करून पोज द्यायला लागतो, झालं मग.

तर दुकानात जायच्या किंवा ऑनलाइन शोधायच्या आधी घरी एक काम करायचं. टेबलावर सामान काढा, पण खरोखर नेणार तेवढंच. माझ्या मते फिरायला एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), तिच्यावर लावलेली एक लेन्स, फार तर एक छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स), एक जास्तीची बॅटरी, कार्ड आणि पुसायचं फडकं, बास. "लागली तर असू दे" म्हणून जी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी मोठी लेन्स, नेतो आपण ती बहुतेक वेळा हॉटेलातच झोपा काढते, वाघ बघायला ताडोबाला चाललात तर गोष्ट वेगळी, पण मग ही छोटी बॅग तुमच्यासाठी नाहीच.

आता पट्टी घ्या आणि मापं काढा. लेन्स लावलेली, हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कड) उलटा बसवलेला, कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळलेला अशा अवस्थेत मापायचं, कारण बॅगेत तो तसाच जाणार आहे आणि तो पट्टाच बोटभर जागा खातो हे कोणी धरत नाही. नुसत्या बॉडीतच किती फरक असतो बघा. कॅननचा १५००डी साधारण १२९ बाय १०१ बाय ७८ मिमी, फुजीचा एक्स-टी३० ११८ बाय ८३ बाय ४७, आणि रिको जीआर ३ तर १०९ बाय ६२ बाय ३३, वजन २५७ ग्रॅम, म्हणजे त्याला बॅग लागतच नाही, पॅंटच्या खिशात जातो. त्यामुळे "मिररलेससाठी चालेल" असल्या लेबलांवर जाऊ नका (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेले, बहुतेक आटोपशीर कॅमेरे), तुमच्या कॅमेऱ्याचं माप हातात ठेवा आणि बॅगेचं आतलं माप विचारा. आतलं हा शब्द महत्त्वाचा, कारण वेबसाइटवर मोठ्या अक्षरात बाहेरचं माप देतात आणि आतलं कुठेतरी खाली बारीक लिहिलेलं असतं, फोम जाड असेल तर दोन्हीत तीन-चार सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

लिटरचंही तसंच. लांबी गुणिले उंची गुणिले रुंदी सेंटीमीटरमध्ये काढून १००० ने भागलं की लिटर येतात, म्हणजे २५ बाय १८ बाय १२ ची बॅग ५.४ लिटर. पण चपटी ६ लिटरची आणि जाडजूड ६ लिटरची या दोन अगदी वेगळ्या बॅगा आहेत, चपटीत पुस्तक मस्त जाईल आणि लेन्स लावलेला कॅमेरा अडकेल. मिररलेस आणि एखादी छोटी लेन्स असेल तर ३ ते ६ लिटरमध्ये काम होतं. पीक डिझाइन कंपनीची स्लिंग (एका पट्ट्याने अंगावर तिरकी अडकवायची बॅग) ३, ६ आणि १० लिटरमध्ये येते, त्यातली १० ची आपल्या विषयातून बाद, कारण १० लिटर जागा दिली की आपण १० लिटर भरतोच.

मग दिसण्याचं बघू. माझी कसोटी एकच, लोकलमध्ये बाजूला बसलेल्याला ही डब्याची बॅग वाटली पाहिजे. म्हणजे मळखाऊ रंग, राखाडी, खाकी, फिका काळा, बाहेर लेन्सच्या आकाराचे गोल खिसे नकोत, ट्रायपॉड बांधायचे पट्टे नकोत आणि लोगो शक्यतो नको. लोगो शिवलेला असेल तर टेलरकडून टाके उसवून घ्या, पाच मिनिटांचं काम, छापील असेल तर काळ्या कापडी मार्करने झाकून टाका. आणि कॅमेऱ्यासोबत आलेला तो काळ्यावर पिवळी किंवा पांढरी अक्षरं असलेला पट्टा आधी बदला, नाहीतर बॅग कितीही साधी घेतली तरी कॅमेरा बाहेर काढल्या काढल्या जाहिरात सुरू.

गंमत म्हणजे फोटोग्राफर लोकांच्या आवडत्या जुन्या बॅगांपैकी काही मुळात कॅमेरा बॅगेसारख्या दिसतच नाहीत. इंग्लंडची बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ मध्ये सुरू झाली ती मासेमारीच्या बॅगा बनवायला, फोटोवाले त्याच बॅगा कॅमेऱ्यासाठी घेतायत हे त्यांना नंतर लक्षात आलं. अमेरिकेत जिम डोम्के या वृत्तपत्र छायाचित्रकाराने १९७० च्या दशकात स्वतःला हवी तशी कॅनव्हासची बॅग करून घेतली, फोम जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती अंगाला चिकटून बसते आणि खोक्यासारखी पुढे येत नाही. या बॅगा आपल्याकडे महाग पडतात, पण कल्पना फुकट आहे. मऊ, पातळ, थोडी लोंबणारी बॅग गर्दीत दिसत नाही, ताठ चौकोनी बॅग दिसते.

म्हणून बहुतेकांना माझा सल्ला हाच की कॅमेरा बॅग घेऊच नका, आतला कप्पा घ्या. इन्सर्ट म्हणून मिळतो तो, फोमचा मऊ डबा, मध्ये वेल्क्रोने हलवता येणारे पडदे. टेन्बाचे बीवायओबी नावाचे चांगले आहेत, बिनब्रँडचे स्वस्त पण भरपूर मिळतात. तो तुमच्या नेहमीच्या ऑफिसच्या बॅगेत, कॉलेजच्या सॅकमध्ये, अगदी शबनममध्ये टाकायचा. शबनम खरंतर झकास दिसते, कोणाला संशय येत नाही, पण तिचं तोंड सताड उघडं असतं, तेव्हा टेलरला सांगून वर चेन लावून घ्या, आणि इन्सर्ट झाकणवाला घ्या.

हा कप्पा घरीही होतो. जुनी योगा मॅट किंवा दहा मिमी जाडीचा ईव्हीए फोम (रबरासारखा मऊ फोम) घ्यायचा, बॅगेच्या आतल्या मापाने तळाचा एक तुकडा आणि बाजूचे चार कापायचे, वर कापड शिवायचं. हिशेब करताना एवढं धरा की दहा मिमी फोम दोन्ही बाजूंनी लागणार, म्हणजे लांबीतून २ सेंटीमीटर जातात आणि रुंदीतूनही २, २५ बाय १२ ची बॅग असेल तर हाताशी २३ बाय १० च उरतं. तळाला फोम डबल लावा, कारण बॅग आपटते ती तळावर, एसटीच्या फरशीवर नाहीतर देवळाच्या पायरीवर धपकन ठेवली जाते तेव्हा. कापड मात्र टर्किश टॉवेलचं नको, त्याचे धागे सुटतात आणि सगळे नेमके लेन्सवर जाऊन बसतात, जुन्या शर्टचं गुळगुळीत कापड उत्तम.

रेडिमेड बॅग घ्यायचीच असेल तर दुकानात बसून उघडझाप करून बघा, आणि एका हाताने. दुसऱ्या हातात छत्री असते, पोराचा हात असतो, वडापाव असतो. झाकण असलेल्या बॅगेला वेल्क्रो असेल तर तो फर्र आवाज कीर्तनात किंवा चर्चमध्ये सगळ्यांना मागे वळायला लावतो, त्यापेक्षा चेन बरी. चेनचे दोन रनर असतील तर ते अंगाच्या बाजूला येतील असे ठेवायचे आणि गर्दीत शिरण्याआधी दोन्हीत एक छोटी कडी किंवा सरळ सेफ्टी पिन अडकवायची. हा काही कुलूप लावण्याचा प्रकार नाही, पण खिसेकापूला दोन सेकंदांत हात घालता आला नाही तर तो दुसरं गिऱ्हाईक बघतो. मागच्या बाजूला, म्हणजे पोटाला लागून, एक चपटा कप्पा असेल तर फारच छान, पासपोर्ट आणि पैसे तिथे. बाकी बाहेरच्या खिशात फक्त रुमाल आणि तिकीट.

पट्ट्याकडे लोक बघतच नाहीत आणि दिवसभर त्रास तोच देतो. साधारण चार सेंटीमीटर रुंद, सीटबेल्टसारखा विणलेला, चालता चालता कमीजास्त करता येणारा असावा, कारण चालताना बॅग कमरेवर हवी आणि गर्दीत झटकन ओढून छातीवर घेता आली पाहिजे. प्लास्टिकचं बक्कल पाठीवर येत असेल तर ती बॅग नको, मागून कोणी दाबलं तर तुम्हाला कळणार पण नाही. जिथे पट्टा बॅगेला शिवलाय तिथे आडव्यातिडव्या टाक्यांची चौकट दिसते का बघा, नुसती एक सरळ शिवण असेल तर बॅग खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. वजनाचंही बघा, पूर्ण चामड्याची बॅग देखणी असते पण रिकामीच खांदा धरते, आणि एका खांद्यावर सगळं मिळून दोन किलोच्या वर गेलं की दुपारनंतर फोटो काढायची इच्छाच मरते. रस्त्याने चालताना बॅग भिंतीच्या बाजूला ठेवायची, रहदारीच्या बाजूला नाही, बाइकवरून हिसकावणारे सगळीकडे आहेत. रात्रीच्या ट्रेनमध्ये खिडकीशेजारच्या हुकला लटकवायची नाही, उशाशी घ्यायची आणि पट्टा हाताला.

पावसाळ्यात कोकणात चालला असाल तर आणखी थोडं. वॉटरप्रूफ चेन म्हणून जी विकतात ती बहुतेक शिंतोडे थांबवते, रत्नागिरीचा पाऊस नाही. बॅगेसोबत मिळणारं रेनकव्हर बऱ्याचदा भडक पिवळं किंवा केशरी असतं, म्हणजे इतकं लपवून शेवटी झेंडाच लावला. त्यापेक्षा आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, पाऊस आला की कॅमेरा त्यात, बॅग भिजली तर भिजू दे. पण मुक्कामी पोचल्यावर त्या पिशवीतून कॅमेरा लगेच काढायचा, ओल कोंडली की लेन्सवर बुरशी धरते आणि ती साफ करायचा खर्च बॅगेपेक्षा जास्त येतो. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या फेकू नका, दोन-तीन बॅगेत टाका. एसी खोलीतून एकदम बाहेर दमट हवेत आलात तर पंधरा-वीस मिनिटं बॅग बंदच ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते.

विमानाचं थोडक्यात. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या, त्यामुळे त्यांना या बॅगेत एक ठरलेला कप्पा असू दे आणि बॅटरीच्या टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी. केबिन बॅगेला देशात बहुतेक ठिकाणी ७ किलोची मर्यादा असते, तेव्हा कॅमेऱ्याची बॅग तुमच्या सॅकमध्ये अख्खी मावेल अशीच घ्या, म्हणजे काउंटरवर दोन नग दिसत नाहीत आणि सिक्युरिटीला कॅमेरा बाहेर काढायला सांगितलं की पूर्ण कप्पा उचलून ट्रेमध्ये ठेवता येतो.

खरेदी कुठे, तर मुंबईत सीएसएमटीजवळ फोर्टमध्ये बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत, तिथे स्वतःचा कॅमेरा घेऊन जा आणि घालून बघा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. ऑनलाइन मागवलीत तर टॅग काढू नका, पूर्ण सामान भरून, पट्टा लावून, घरातल्या घरात तासभर अडकवून स्वयंपाक करा, झाडांना पाणी घाला, खाली वाकून काहीतरी उचला. वाकल्यावर बॅग पुढे झोकांडी खात असेल किंवा मानेला पट्टा काचत असेल तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.