आईबाबांना घेऊन युरोपात ट्रेनने: मुक्काम पक्का, गाडी मोकळी

आमच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत दर मे महिन्यात कोणी ना कोणी आईबाबांना युरोपला पाठवतं, बहुतेक वेळा टूरबरोबर. टूर वाईट नाही, पण सकाळी सहाला बॅग दाराबाहेर आणि साडेसातला बस हे सत्तरीतल्या माणसाला रोज झेपतंच असं नाही. आपलं आपण ट्रेनने गेलं की आईचा गुडघा सकाळी धरला असेल तर दहाची गाडी सोडून बाराची पकडता येते. सगळं प्लॅनिंग ह्याच एका सोयीसाठी करायचं. म्हणून माझं म्हणणं असं की मुक्काम आधीच ठरवा आणि ट्रेन मोकळ्या ठेवा. बरेच लोक नेमकं उलटं करतात, स्वस्त मिळाली म्हणून ठराविक ट्रेनची नॉन-रिफंडेबल तिकिटं चार महिने आधी काढून बसतात, मग तिकडे आई दमलेली असली तरी पळायचं.

पहिलं काम म्हणजे देश निवडणं, कारण मोकळेपणा देशावर ठरतो. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा, स्पेनची हायस्पीड, युरोस्टार, ह्या सगळ्या वेगवान गाड्यांना पास (ठरलेल्या दिवसांत हवं तितकं फिरायचं एकच तिकीट) असला तरी सीट रिझर्व्हेशन लागतंच, म्हणजे गाडी बांधली गेली. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत बहुतेक गाड्यांना ते सक्तीचं नाही, स्टेशनवर जा आणि बसा. पॅरिसला जायचंच असेल तर जरूर जा, पण तिथे वेगवेगळ्या दिशांच्या गाड्यांची स्टेशनं वेगळी आहेत, गार दु नोर वर उतरून गार द लियोंची गाडी असेल तर मधे शहर पार करायचं, आणि मेट्रोच्या जिन्यांवरून बॅगा घेऊन आईला नेण्यापेक्षा टॅक्सीचे पैसे धरून ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा रूट सांगते: झुरिकला उतरायचं, लुझर्नला चार-पाच रात्री, मग इन्सब्रुक, साल्झबुर्ग आणि शेवटी व्हिएन्ना, परतीचं विमान व्हिएन्नाहूनच. झुरिक-इन्सब्रुक साधारण साडेतीन तास, तिथून साल्झबुर्ग दोन तासांच्या आत, पुढे व्हिएन्ना अडीच तास, लुझर्नहून झुरिकला येऊन एकदा गाडी बदलायची, पुढे सगळीकडे थेट रेलजेट (ऑस्ट्रियाची वेगवान गाडी) मिळते, बदलायची भानगड नाही. दर मुक्कामी निदान तीन रात्री हव्यातच. हॉटेल स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांत, लिफ्ट असलेलं, आणि फ्री कॅन्सलेशनचं घ्या, जुन्या शहरातलं गोंडस हॉटेल बघून भुलू नका, तिथे फरसबंदीवर बॅगेची चाकंही अडकतात आणि पायही मुरगळतो.

आता तिकिटं. युरेलचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो, ६० वर्षांच्या वर असाल तर १० टक्के सूट आहे, आणि फ्लेक्सी प्रकारात एक किंवा दोन महिन्यांत ४, ५, ७, १० किंवा १५ दिवस हवे तेव्हा वापरता येतात. पास फोनवरच येतो, गाडीत चढायच्या आधी ॲपमध्ये तो प्रवास टाकायचा. पण वरच्यासारखा छोटा रूट असेल तर आधी सुट्या तिकिटांचा हिशोब करून बघा. ऑस्ट्रियात श्पारशीने नावाचं स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, स्टँडर्ड तिकीट महाग पण त्या दिवशी कुठलीही गाडी चालते. आईबरोबर स्टँडर्डच घ्या, तो फरक म्हणजे तिच्या आरामाचे पैसे.

स्वित्झर्लंडसाठी वेगळा स्विस ट्रॅव्हल पास बघा. ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, फ्लेक्स घेतला तर ते दिवस महिन्याभरात सुटे सुटे वापरता येतात, आणि ट्रेन, बस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम सगळं त्यात येतं. लुझर्नहून बोटीने फिट्सनाउ, तिथून दातेरी चाकांच्या गाडीने रिगी डोंगरावर, हेही त्यातच. ही लाइन १८७१ सालची आहे, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. सगळे युंगफ्राउयोखच्या बर्फाळ खिंडीत धावतात पण ते ठिकाण ३४५४ मीटरवर आहे, हवा विरळ, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. रिगी १८०० मीटरच्या आत आहे आणि वरून बर्फाची अख्खी रांग दिसते.

गाडी बदलावी लागणार असेल तर ॲप पाच-सहा मिनिटांची कनेक्शन बिनधास्त दाखवतं, ती आपल्यासाठी नाहीत. जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये बदलायला किमान वेळ किती हवा ते सेट करता येतं, तिथे वीसच्या वर ठेवा, जर्मनीत गाड्या लेटही होतात. प्लॅटफॉर्मवर A, B, C, D अशा सेक्टरच्या पाट्या असतात, आपला डबा कुठल्या सेक्टरला येणार ते बोर्डवर बघून तिथेच उभं राहायचं. पिवळा छापील तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. बऱ्याच लांबच्या गाड्यांना दारात दोन-तीन पायऱ्या आहेत, म्हणून बॅग आधी तुम्ही वर ठेवा, मग आईला हात द्या, आणि बॅग एवढीच घ्या की ती तुम्हाला एका हाताने उचलता येईल. जायच्या आधी आईबरोबर तलावपाळीला (आमच्या ठाण्यातला तलावाचा काठ) किंवा तुमच्या जवळ कुठेही संध्याकाळच्या फेऱ्या मारून बघा, किती वेळाने बसावंसं वाटतं ते कळलं की दिवस आखणं सोपं जातं.

चालायचा त्रास जास्त असेल तर मदत मागायला लाजू नका. युरोपियन युनियनमध्ये हा प्रवाशाचा हक्कच आहे, २४ तास आधी कळवलं की स्टेशनवर माणूस येतो, गाडीत चढवून देतो, पैसे लागत नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा), जिथे जास्त रात्री तिथल्या देशाकडे अर्ज, सहा महिने आधीपासून करता येतो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. आईच्या जुन्या आजारांना तो कव्हर देतो का हे पॉलिसीत वाचून घ्या, फोनवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. गोळ्या पूर्ण ट्रिपच्या आणि वर आठवड्याच्या जास्तीच्या, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक नाव हवं, आणि सगळं हातातल्या पर्समध्ये.

रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली मात्र उघडी असतात, दही-दूध-फळं तिथे मिळतात. मेतकूट आणि दशम्या न्याच, चौथ्या दिवशी आईला ब्रेड नको होतो.

आणि एक गोष्ट घरी बसूनच ठरवून टाका. एक जण गाडीत आणि एक प्लॅटफॉर्मवर असताना दार लागलं तर आत असलेल्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच प्लॅटफॉर्मवर थांबायचं, बाहेरच्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं, दोघांनी एकमेकांना शोधत फिरायचं नाही. आईच्या फोनमध्ये तिकडचं चालू सिम असू दे, आणि पर्समध्ये एक कार्ड, त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता, तुमचा नंबर आणि इमर्जन्सीचा ११२, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं.