चिनी-तिबेटी चांदीची नाणी घेताय? या चुका टाळा

लेह किंवा मॅक्लिऑडगंजच्या बाजारात असं नाणं हातात आलं की दुकानदार म्हणतो, "तिबेटचं आहे, खूप जुनं." किती जुनं ते नाण्यावरच लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण!

ल्हासाच्या टांकसाळीत १७९३ पासून चीनच्या छिएनलुंग बादशहाच्या नावाची नाणी पडू लागली. एका बाजूला चिनी अक्षरं, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर तिबेटी लिपीत. त्याआधी तिथे नेपाळचं मोहर नावाचं चांदीचं नाणं चाले. त्यातल्या भेसळीचा वाद हे तिबेटच्या नेपाळी गुरख्यांशी झालेल्या लढाईचं एक कारण. चिनी बाजूच्या कडेला बादशहाच्या राजवटीचं कितवं वर्ष ते असतं, इसवी सन नव्हे. ५८ असेल तर त्यात १७३५ मिळवा, म्हणजे १७९३. पुढच्या चिआछिंग बादशहाच्या नाण्याला १७९५ मिळवायचे, त्यानंतरच्या ताओक्वांगच्या नाण्याला १८२०.

बादशहाचा चेहरा दिसला तर तो सिचुआन रुपया. तिबेटात आपल्या मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीतला व्हिक्टोरिया रुपया इतका चालायचा, की चिन्यांनी विसाव्या शतकात त्याचीच नक्कल पाडली. त्यावर तिबेटी अक्षर नाही आणि वजन अकरा ग्रॅमच्या वर. ल्हासाचं एक शोचं (शो हे तिबेटी चलनाचं एकक) नाणं जेमतेम ३.७ ग्रॅमचं.

खरी गडबड होते ती चांदी तपासताना. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी, हे खोटं. तांब्यालाही तो चिकटत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा. ३.७ ग्रॅमचं नाणं चांदीचं असेल तर आकडा ०.३६ च्या आसपास येतो, तांबं-निकेलचं असेल तर ०.४१ च्या. आकडा एकदम तीनच्या वर गेला तर नाणं तळाला टेकलंय. खरं नाणंही खोटं ठरतंय असं वाटलं तर अक्षरांच्या खाचांत अडकलेले बुडबुडे बघा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका, नाणं हलवा, पुन्हा मोजा. स्वयंपाकघरातला काटा इथे कुचकामी.

चिंच, टूथपेस्ट, चांदीची पावडर यांपैकी काहीही लावू नका. काळपटपणा गेला की किंमतही जाते.

आणि अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर तो सोडा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.