खाडीपलीकडे वायरलेस लिंक टाकायचीय? आधी पाण्याचं बघा

ऑफिस अलीकडे, जेट्टी नाहीतर पंपहाउस खाडीपलीकडे, मधे ७-८ किलोमीटर, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न "रेंज मिळेल का". अहो मिळते. ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्या डिशला एवढं अंतर काहीच नाही, मुंबईत लिंक मरते ती पाण्याने, खालच्या खाडीच्या आणि कनेक्टरमधे शिरलेल्या.

आधी डेटा किती ते ठरवा. नुसती टाकीची लेव्हल आणि पंप चालू-बंद बघायचं असेल तर ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (थोडा डेटा लांबवर पाठवणारा कमी विजेचा रेडिओ) पुरे, लायसन्स लागत नाही, बॅटरीवर चालतो. स्वस्त दिसतात म्हणून अमेरिकेचे ९१५ वाले मॉड्यूल मात्र मागवू नका, तो पट्टा इथे मोबाइलचा आहे. कॅमेरे असतील तर ५ गिगाहर्ट्झच घ्या. ६० गिगाहर्ट्झ एवढ्या अंतराला विसरा, तिथे हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे १५ डीबीच्या (डीबी म्हणजे सिग्नल किती घटला-वाढला त्याचं माप) आसपास खातो.

समोरचा पोल दिसला म्हणजे लाइन ऑफ साइट, म्हणजे सिग्नलची वाट मोकळी, झाली असं नाही. ८ किमीच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणारी फुगीर जागा) त्रिज्या मध्यावर साधारण १० मीटर येते, त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे ६ मीटर मोकळी हवीच. आणि ही मोजायची उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून, ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर नाही. वर मधून जाणारी जहाजं, बार्ज आणि फिरत्या क्रेन धरा.

आता खरा लोचा. सिग्नल पाण्यावर आपटून दुसऱ्या वाटेनेही पोचतो, पाणी ४-५ मीटर वरखाली झालं की ती वाट बदलते आणि दोन सिग्नल कधी एकमेकांना मारतात, कधी वाढवतात. मग रोज लिंक ढेपाळते, वेळही रोज थोडी पुढे सरकते, आणि लोक रेडिओ बदलत बसतात! आरएसएसआयचा (रेडिओला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) आठवडाभराचा लॉग काढा, भरतीच्या टाइमटेबलशेजारी ठेवा, लगेच कळेल. उपाय म्हणजे अँटेना गच्चीच्या कडेवर न लावता मागे घ्या, म्हणजे पाण्याकडून येणारा सिग्नल कठड्यालाच अडतो (समोरचा थेट सिग्नल अडत नाही ना ते बघून). तरी नाही जमलं तर त्याच पोलवर खाली दुसरी अँटेना, म्हणजे एकीचा सिग्नल पडला तरी दुसरीचा चालतो. आणि फेड मार्जिन, म्हणजे लिंक चालायला लागतो त्याहून जास्तीचा राखीव सिग्नल, २० डीबीच्या खाली नकोच.

पावसाला ५ गिगाहर्ट्झ फारसा घाबरत नाही, कनेक्टर घाबरतो. एन-टाइप कनेक्टर (अँटेनाच्या केबलचा आट्यांचा जोड) आधी नीट घट्ट करा, मग सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून खालून वर गुंडाळा, कौलं बसवतात तसा वरचा वेढा खालच्यावर यायला हवा, आणि त्यावर यूव्हीवाली काळी टेप. रेडिओत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, ग्लँड (केबल आत घ्यायची सीलबंद बूच) बॉक्सच्या तळालाच. आयपी ६७ बघून हुरळू नका, ते पाण्याचं रेटिंग आहे, खाऱ्या हवेचं नाही. क्लॅम्प-बोल्ट एसएस ३१६ चे घ्या, ३०४ ला समुद्राशेजारी गंज धरतो.

सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) दोन्ही टोकांना, अर्थिंग मोजूनच. माहूलसारख्या रिफायनरीच्या भागात धोकादायक झोनमधे साधा बॉक्स चालत नाही, एक्स-प्रूफ (स्फोटरोधक) बॉक्स आणि पेसो (स्फोटक-पेट्रोलियम सुरक्षेची सरकारी संस्था) अप्रूव्हल लागतं, ते आधीच सेफ्टीवाल्यांशी बोलून घ्या.

अलाइन करताना फोनवर एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने डिश हळूहळू हलवायची, आणि आधी गणिताने काढलेल्या सिग्नलपेक्षा १०-१५ डीबी कमी येत असेल तर डिश साइड लोबवर (मुख्य झोताच्या बाजूचा कमजोर झोत) अडकलीय, अजून फिरवा. शेवटचा आकडा बॉक्सच्या आत मार्करने लिहा, पावसाआधी मे महिन्यात बॉक्स उघडला की ताडून बघता येतो.