नॉईज वाढवला आणि न्यूरॉन तालात आला

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला न्यूरॉनचं, म्हणजे चेतापेशीचं, संगणकावरचं सिम्युलेशन घेतलं तेव्हा रत्नागिरीत विचारावं असं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. म्हणून नवीन मुलांसाठी हे लिहितेय.

मीरकरवाड्याच्या बंदरात टोपल्या भरून माकूल (स्क्विड) उतरतं ना, त्याच्याच जातकुळीतल्या प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली न्यूरॉनची आपली समीकरणं मांडली. पण त्या चार समीकरणांपासून सुरुवात करू नका. फिट्झह्यू-नागुमो मॉडेल घ्या. त्यात दोनच समीकरणं आहेत, कागदावर काढून समजतात.

त्यात ‘ए’ या स्थिरांकाची किंमत १.०५ ठेवली की न्यूरॉन गप्प बसतो, पण अगदी उंबरठ्यावर. मग नॉईज, म्हणजे यादृच्छिक धक्के, द्या. थोड्या नॉईजला स्पाईक (न्यूरॉनच्या विद्युत-उसळ्या) कधीही येतात, फार झाला तर पुन्हा विस्कटतात. मधल्या एका पातळीला ते सगळ्यांत नियमित येतात. पिकोव्स्की आणि कुर्थ्स यांनी १९९७ मध्ये याला कोहेरन्स रेझोनन्स म्हटलं. मला हे खाडीवरच्या तरीमुळे कळलं. माणसं भरली की होडी सुटते. पलीकडे जाऊन यायला लागणारा वेळ जवळपास ठरलेला, बेभरवशाचं असतं ते धक्क्यावरचं थांबणं. गर्दी वाढली की थांबणं संपतं, उरतो नुसता फेरा. न्यूरॉनचंही तसंच. नॉईज आणखी वाढला की मात्र फेराच डगमगायला लागतो.

नियमितपणा मोजायचा तो सीव्हीने: दोन स्पाईकमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी. शून्य म्हणजे घड्याळ. स्पाईक पूर्ण यादृच्छिक, पॉसाँ पद्धतीचे असतील तर एक.

माझा एक अख्खा महिना एका ओळीत गेला. नॉईजसाठी काढलेली यादृच्छिक संख्या मी टाइम-स्टेपने, म्हणजे सिम्युलेशनमधल्या वेळेच्या एका छोट्या पायरीने, गुणत होते. गुणायची असते टाइम-स्टेपच्या वर्गमूळाने, कारण वेळेच्या प्रमाणात वाढतो तो नॉईजचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. स्टेप ०.००१ असताना माझा नॉईज सुमारे ३२ पट क्षीण होत होता. न्यूरॉन गप्पच राहायचा आणि मी मॉडेलला दोष देत होते.

दुसरी गोष्ट, सिम्युलेशन वेळेवर थांबवू नका, स्पाईकच्या संख्येवर थांबवा. क्षीण नॉईजला अंतरं लांब असतात. ठरलेल्या वेळेत नेमकी तीच कापली जातात आणि सीव्ही चुकतो. मी दर पातळीला हजार अंतरं घेते. पावसात वीज गेली की रात्रभराचं काम जायचं, तेव्हापासून दर शंभर स्पाईकला न्यूरॉनची स्थिती आणि रँडम जनरेटरची स्थिती फाईलमध्ये उतरवून ठेवते.

नॉईजच्या पातळीनुसार सीव्हीचा आलेख गाईडना दाखवण्याआधी स्टेप अर्धी करून पुन्हा चालवा. सीव्ही हलला, तर आधी ती वर्गमुळाची ओळ तपासा.