बुकिंगच्या कागदावर सही करण्याआधी

दोन कॉम्पॅक्ट लक्झरी एसयूव्हींतून एक निवडायची असेल तर सुरुवात घरी बसून करायची, आणि तीही गाड्यांपासून नाही. एक वही घ्या. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण शोरूममध्ये फोन हातात आला की माणूस नोंदी सोडून फोटोच काढत सुटतो. गेल्या महिनाभरात आपली सध्याची गाडी कुठे गेली, आत किती माणसं होती, मागे कोण बसलं होतं, डिकीत काय होतं, हे आठवून लिहा. पाच माणसं किती वेळा बसली याचा आकडा बहुतेकांना चकित करतो. तो सहसा एका हाताच्या बोटांवर मावतो. मग गाडी उभी करायची जागा टेपने मोजा. लांबी-रुंदी तर घ्याच, शिवाय दार उघडून माणूस बाहेर पडायला लागणारी जागाही मोजा. बीएमडब्ल्यू एक्स१ ची आत्ताची पिढी बरोबर साडेचार मीटर लांब आहे, ऑडी क्यू३ ची २०१८ ची पिढी तिच्याहून दीड-दोन सेंटिमीटरनेच कमी, आणि दोघीही आरसे धरून दोन मीटरच्या पुढे जातात. ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द कंपनीच्या मोठ्या एसयूव्हींच्या तुलनेत आहे, तुमच्या पार्किंगच्या तुलनेत नाही.

यादीत दोनच गाड्या ठेवा. तिसरी आली की डोकं थकतं आणि शेवटी रंगावर निर्णय होतो. मी इथे उदाहरणाला एक्स१ आणि क्यू३ घेतो, अधूनमधून मर्सिडीज जीएलए आणि व्होल्वो एक्ससी४० यांना साक्षीला बोलावतो. तुमची जोडी वेगळी असली तरी काम तेच.

आता माहितीपत्रकं समोर घ्या आणि सर्वात आधी दोन्ही गाड्या एका पातळीवर आणा. एकीचा पायाचा व्हेरियंट आणि दुसरीचा सगळ्यात वरचा अशी तुलना फार वेळा होते, कारण शोरूममध्ये उभी असते ती वरचीच. इंजिन, ड्राइव्ह (ताकद कोणत्या चाकांना जाते), चाकांचा आकार, सीटचा प्रकार या चार गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ताकदीचं एककही बघा. एका पत्रकात किलोवॅट आणि दुसऱ्यात पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) असेल, तर १०० किलोवॅट म्हणजे साधारण १३६ पीएस हे लक्षात ठेवलं की पुरे. मायलेजचा आकडा कोणत्या चाचणीचा आहे ते विचारा. युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली. त्याआधीच्या एनईडीसीचे आकडे जास्त गोड असतात, त्यामुळे दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडणं व्यर्थ आहे.

डिकीच्या लिटरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एका लिटरचे ठोकळे रचून डिकी मोजतात, आणि फळीखालचा कप्पाही त्यात धरला जाऊ शकतो. २०१८ च्या क्यू३ ची डिकी ५३० लिटर, पण मागची सीट पुढे सरकवली की ६७५. म्हणजे मोठा आकडा हवा असेल तर मागच्यांचे गुडघे आखडणार. एक्स१ ची साध्या पेट्रोल इंजिनासह ५४०, तीच प्लग-इन हायब्रिडमध्ये (पेट्रोलसोबत चार्ज होणारी बॅटरी) ४९०, कारण बॅटरीला कुठेतरी जागा द्यावीच लागते. जीएलएचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, या दोघींपेक्षा जास्त, २७२९ मिलिमीटर, तरी डिकी ४३५ लिटरच. यातून निघणारा उपाय साधा आहे: घरची सर्वात मोठी बॅग, किंवा मुलाची ढकलगाडी, सोबत न्या आणि डिकीत ठेवून झाकण लावून बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

सुरक्षेचे तारे मोजताना तारखेकडे बघायचं. इथे शहाणी माणसंही फसतात. युरोपात गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने क्यू३ ला २०१८ मध्ये पाच तारे दिले, प्रौढ प्रवाशांसाठी ९५ टक्के गुण. एक्स१ ला २०२२ मध्ये पाच तारे, पण प्रौढांसाठी ८६ टक्के. वरवर पाहता क्यू३ जास्त सुरक्षित वाटते. पण मधे २०२० मध्ये परीक्षाच कठीण झाली. आधी गाडी एका स्थिर अडथळ्यावर जायची, आता समोरून १४०० किलोची ट्रॉली येते आणि दोघी ताशी ५० किलोमीटरने धडकतात. शिवाय पलीकडच्या बाजूने बसलेल्या धक्क्याचीही चाचणी जोडली गेली. त्यामुळे टक्क्यांचे हे दोन आकडे एकाच फुटपट्टीने मोजलेले नाहीत. आणखी एक, चाचणीतल्या गाडीत असलेली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि एअरबॅग तुम्हाला मिळणाऱ्या व्हेरियंटमध्ये आहेत का, हे ओळीवर बोट ठेवून विचारा. लहान मूल असेल तर चाइल्ड सीट सोबत न्या आणि ती अडकवायचे आयसोफिक्सचे हूक हाताला किती सहज सापडतात ते स्वतः बघा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बोनेटवरचा बिल्ला आणि आतलं लोखंड यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसतं. जीएलएमधलं १.३ लिटरचं इंजिन मर्सिडीजने रेनॉसोबत विकसित केलं, क्यू३ फोक्सवॅगन गोल्फच्याच पायावर उभी आहे, एक्स१ मिनी कंट्रीमनची बहीण. यात कमीपणा काही नाही, फक्त बिल्ल्यासाठी किती मोजतो आहोत हे कळावं. पहिली एक्स१, २००९ ची, मागच्या चाकांवर चालायची. २०१५ पासून ती पुढच्या चाकांवर आली. ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) घेतलीत तरी या वर्गात एरवी मुख्य काम पुढची चाकंच करतात आणि गरज पडली की क्लच मागे ताकद पाठवतो. बर्फ, चिखल, ओला चढ रोजचा असेल तर घ्या. ब्रेक मारल्यावर गाडी लवकर थांबेल या आशेने घेऊ नका. ते काम टायरचं.

आता शोरूम. पहिल्या भेटीत पुढे बसूच नका. सरळ मागे बसा, आणि पंधरा-वीस मिनिटं बसा. मी एकदा गाडी घेताना पुढेच रमलो. मागच्या सीटची गादी आखूड आहे आणि मांड्या अधांतरी राहतात, हे आईने पहिल्याच लांबच्या प्रवासात सांगितलं. तोवर गाडी दारात उभी होती. म्हणून पुढची सीट स्वतःच्या उंचीला लावून तिच्या मागे बसायचं. पाय पुढच्या सीटखाली सरकतात का, मधल्या बोगद्यामुळे (तळावरच्या उंचवट्यामुळे) तिसऱ्याने पाय कुठे ठेवायचे, काचेचं छत असेल तर डोकं वर टेकतं का, एसीचा झोत मागे पोचतो का. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर त्यालाच न्या आणि चार वेळा चढू-उतरू द्या. या एका कसोटीवर आमच्या ओळखीतल्या दोन घरांचा निर्णय पाच मिनिटांत झाला.

मग पुढे बसा, गाडी उभी असतानाच पडद्याशी झटापट करून घ्या. एसी दोन अंशांनी कमी करा, काचेवरचं धुकं घालवा, लेन सोडल्यावर ओरडणारी यंत्रणा बंद करा, आणि प्रत्येक कामाला किती बोटं, किती नजर लागते ते मोजा. आत्ताच्या एक्स१ मध्ये पडदा चालवणारी बीएमडब्ल्यूची ती प्रसिद्ध गोल फिरकी राहिलेली नाही; २०१८ च्या क्यू३ मध्ये एसीला खरी बटणं आहेत. मी बटणांच्या बाजूचा आहे, हे कबूल करतो, आणि युरो एनकॅपनेही २०२६ पासून वायपर, इंडिकेटर, हॉर्न यांसारख्या मोजक्या गोष्टींना खरी बटणं असण्यावर गुण ठेवले आहेत. कोणत्या सोयी काही वर्षांनी वर्गणी मागणार, हेही आत्ताच विचारून घ्या. गरम सीटसाठी दरमहा पैसे घेण्याचा प्रयोग बीएमडब्ल्यूने केला होता आणि आरडाओरड झाल्यावर २०२३ मध्ये मागे घेतला. नकाशे आणि फोनवरून गाडी उघडण्याची सोय मात्र अनेक ठिकाणी ठरावीक मुदतीचीच असते.

टेस्ट ड्राइव्ह दोन्ही गाड्यांची एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. रस्ता तुम्ही ठरवा. त्यांचा ठरलेला फेरा नेहमी गुळगुळीत असतो. तुमच्या रस्त्यात एक खराब पट्टा हवा, एक गतिरोधक, एक चढ, थोडी गर्दी आणि थोडा मोकळा रस्ता. गर्दीत या गाड्यांची खरी ओळख होते, कारण एक्स१ आणि क्यू३ मध्ये बहुतेक करून दोन क्लचचा सात गिअरचा गिअरबॉक्स असतो. तो वेगात लोण्यासारखा चालतो, पण ब्रेकवरून पाय काढून गाडी नुसती सरपटत न्यायची म्हटली की काही ठिकाणी अडखळतो. चढावर थांबून रिव्हर्स घ्या, अडखळणं तिथे जास्त कळतं. एक्ससी४० च्या काही व्हेरियंटमध्ये आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, तो अशा वेळी शांत राहतो. खराब पट्ट्यावरून जाताना म्युझिक सिस्टिम बंद ठेवा. सेल्समन ती हमखास नेमकी तेव्हाच लावतो. आणि चाकांचा आकार वहीत लिहा. चाक मोठं झालं तरी टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, म्हणजे रबराची भिंत आखूड होते आणि खड्डा सरळ पाठीला लागतो. एकीची अठरा इंची आणि दुसरीची वीस इंची चालवून ‘हिचं सस्पेन्शन कडक’ म्हणणं हा अन्याय आहे.

टायरवरूनच आठवलं, स्टेपनी आहे का विचारा. रन-फ्लॅट टायर असतील तर पंक्चर झाल्यावर साधारण ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, पण त्यांच्या भिंती कडक असतात आणि बदलायला महाग पडतात. नुसतं पंक्चरचं किट असेल तर बाजूने फाटलेल्या टायरला त्याचा उपयोग नाही.

पैशांचा हिशेब गाडीच्या किमतीवर थांबवू नका. पाच वर्षांचा धरा: इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायरचा एक पूर्ण संच, ब्रेक पॅड, वॉरंटी वाढवण्याचा खर्च, आणि शेवटी विकताना काय हाती येईल. पुढची काच आणि एक हेडलाइट बदलायला किती लागतात ते सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, शोरूमला नव्हे. एलईडी हेडलाइटचा आकडा ऐकून मला खुर्चीत नीट बसावं लागलं होतं. कोणती पिढी संपत आली आहे तेही बघा. क्यू३ ची नवी पिढी २०२५ मध्ये जाहीर झाली. अशा वेळी आधीची गाडी सवलतीत मिळते, पण ती सवलत विकताना व्याजासकट परत जाते. दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या.

ठरली की मग कोणतं व्हेरियंट, कोणता रंग, कोणत्या सोयी, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे सगळं लेखी. डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कागदावर आणि गाडीवर जुळवा. टायरच्या भिंतीवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि चारही टायर त्यात एकमेकांच्या जवळपास असायला हवेत. प्रत्येक काच खालीवर करा, प्रत्येक सीट हलवा, मागची सीट पाडून परत उभी करा. दुसरी किल्ली मागून घ्या, आणि ती खरंच गाडी उघडते का हे तिथेच बघा.