कवितेतला स्वतःचा आवाज नेमका कुठे गळतो? या चुका टाळा

कविता वृत्तात आहे, यमक नेटकं आहे, ऐकणारे मान डोलावतात. तरी खालचं नाव झाकलं तर ती कुणाचीही असू शकते. यावर ठरलेला सल्ला मिळतो, 'मनापासून लिही'. तो फारसा कामाचा नाही, कारण अगदी मनापासून लिहिलेल्या कवितेतही उसनी भाषा भरपूर सापडते. गळती होते ती शब्द निवडताना, वाक्य फिरवताना आणि यमक जुळवताना. या जागा कागदावर बोट ठेवून दाखवता येतात, म्हणून दुरुस्तही करता येतात.

आधी एक तपासणी

फोनवर रेकॉर्डिंग लावा. कविता समोर न ठेवता, तीत काय म्हणायचं होतं ते जवळच्या माणसाला सांगावं तसं दोन मिनिटं बोला. मग ते जसंच्या तसं उतरवून घ्या, 'म्हणजे', 'काय झालं की' यांच्यासकट. हा कागद कवितेशेजारी ठेवा आणि तीन गोष्टी बघा: बोलताना सुरुवात कुठून केली, कोणतं नाम पुन्हापुन्हा आलं, आणि कुठे अडखळलात.

बोलताना माणूस सहसा एखाद्या वस्तूपासून किंवा प्रसंगापासून सुरू करतो. कविता मात्र संध्याकाळपासून सुरू झालेली असते. अडखळलेली जागा तर कवितेत दिसतच नाही. तिथे एक तयार शब्दप्रयोग बसवलेला असतो. पहिली दुरुस्ती तिथे करायची.

'कवितेचे शब्द' वापरणं

मनाचा गाभारा, आठवणींचा पाऊस, भावनांचा कल्लोळ, गंधाळलेली सांज, मोरपीस, ओंजळ. यातला एकही शब्द वाईट नाही. पण ते इतक्या हातांतून गेलेत की त्यावर आता कुणाचाच ठसा उरलेला नाही. आपल्या शेवटच्या दहा कविता घ्या आणि गेल्या महिन्याभरात तोंडी एकदाही न वापरलेल्या प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलने गोल करा. एखादा गोल शोभतो. प्रत्येक ओळीत गोल दिसू लागला तर ती भाषा भाड्याची आहे.

इथे हमखास होणारी दुसरी चूक म्हणजे समानार्थी शब्द टाकणं. 'हिंदोळा' काढून 'झोका' लिहिल्याने काही बदलत नाही. शब्द सोडून वस्तूकडे जावं लागतं. उदाहरणार्थ, ही ओळ:

आठवणींच्या हिंदोळ्यावर मन हे झुलते

स्वतःला विचारा, आठवण आली तेव्हा हातात काय होतं, डोळ्यांपुढे काय होतं? त्यावरून कदाचित असं काही निघेल:

तुझा कप अजून फडताळात पुढेच आहे
मागचा काढायचा तर तो उचलावा लागतो

यात 'आठवण' हा शब्दच नाही. ओळी थोर आहेत असा दावा नाही, पण त्या एका विशिष्ट माणसाच्या आहेत. पहिली ओळ कुणाचीच नव्हती.

वाक्य उलटं फिरवणं

मराठी कवितेतली ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी गळती. मराठीत क्रियापद शेवटी येतं, पण शब्दक्रम बऱ्यापैकी सैल आहे. ही सवलत बोलण्यातही आपण घेतो, मात्र कारण असेल तरच. 'गेला एकदाचा!' यात क्रियापद पुढे आलं ते सुटकेमुळे. 'सांगितलं होतं मी तुला' यात ते येतं रागामुळे. कवितेत मात्र 'आली सर पावसाची, भिजले अंगण माझे' असं कुठल्याही रागालोभाशिवाय लिहिलं जातं, केवळ ते 'काव्यमय' वाटतं म्हणून.

उपाय साधा आहे. उलटं फिरवलेलं प्रत्येक वाक्य सरळ करून म्हणा. अर्थ आणि जोर तसाच राहिला तर सरळच ठेवा. जोर गेला तर उलटं ठेवा, त्याची तिथे गरज आहे.

यमकाने ओळ ओढत नेणं

मराठीत क्रियापदांची यमकं फार स्वस्त मिळतात: जाते, येते, गाते, नेते. त्यामुळे ओळीमागून ओळ एकाच काळातल्या क्रियापदावर संपते, सगळी वाक्यं एकाच साच्याची होतात आणि लिहिणाऱ्याची बोलण्याची लय त्यात मरते. आपली कविता घेऊन फक्त ओळींच्या शेवटचे शब्द खाली खाली लिहून काढा. निम्म्याहून जास्त क्रियापदं दिसली तर नामांवर, अव्ययांवर ओळ संपवून बघा.

दुसरी खूण म्हणजे, यमक जुळवणारा शब्द झाकून विचारा, 'यमक नसतं तर हे मी म्हटलं असतं का?' उत्तर 'नाही' आलं तर त्या जोडीतला जो शब्द टाळताच येत नाही तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी न्या आणि त्याला जुळणारा, थोडा ओढूनताणून आणलेला शब्द पहिल्या ओळीत ठेवा. कान पहिल्या शब्दाला अजून जोडी मागत नसतो, म्हणून तिथली ओढाताण खपते. दुसऱ्या ओळीत ती उघडी पडते.

गझलेत हा धोका जास्त. मतला, म्हणजे पहिला शेर (दोन ओळींची जोडी), लिहिण्याआधीच बारा-पंधरा काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, कागदावर काढा. त्यातल्या किती शब्दांवर तुम्हाला खरोखर काही म्हणायचं आहे ते मोजा. गझलेला किमान पाच शेर लागतात. चारच काफिये आपले वाटत असतील तर बाकीचे शेर काफियाच लिहिणार, तुम्ही नाही. मग काफिया बदला. मोठ्या अभंगात गोष्ट सोपी आहे: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि यमक सहसा दुसऱ्या-तिसऱ्या चरणातच. चौथा चरण मोकळा असतो. म्हणायचं ते तिथे ठेवा, उगाच तिथेही यमक घुसवू नका.

मात्रा भरण्यासाठी जुनी रूपं

'मज', 'तुज', 'परी', 'नच', 'जाहले' हे शब्द आजच्या कवितेत येतात ते बहुधा हिशोबासाठी. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन; म्हणून 'मला'च्या तीन मात्रा होतात, 'मज'च्या दोन. 'झाले'च्या चार, 'जाहले'च्या पाच. एक मात्रा वाचली किंवा भरली, पण दीडशे वर्षांपूर्वीचा कुणीतरी मध्येच बोलून गेला. 'रे', 'गं', 'सखे', 'हे' हे भरीचे शब्दही याच जातीचे.

अडचण बहुतेक वेळा वृत्ताच्या निवडीत असते. आधी वृत्त ठरवून त्यात वाक्य कोंबण्यापेक्षा, तोंडून सहज निघालेलं वाक्य मोजा आणि ते कुठल्या वृत्ताकडे झुकतंय ते पाहा. 'मला माहीत आहे ना' हे रोजचं वाक्य. त्याचा लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) क्रम, 'ल' म्हणजे लघु आणि 'गा' म्हणजे गुरू धरून, लगागागा लगागागा असा येतो, म्हणजे वियद्गंगा या वृत्ताची अर्धी ओळ आयतीच झाली. 'मला माहीत आहे ना, तुझी गाडी निघाली ते' ही पूर्ण ओळ. एकही भरीचा शब्द नाही, आणि 'ते' शेवटी गेलं तेही बोलण्यात जातं तसंच. एखादं वाक्य कुठेच बसत नसेल तर मुक्तछंद आहेच. पण तो वृत्त जमलं नाही म्हणून मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीस नव्हे. ओळ कुठे तोडायची याचा निर्णय तिथे दरवेळी स्वतः घ्यावा लागतो.

दोन भाषा एकाच कवितेत सांडणं

एका ओळीत 'माझं', दुसरीत 'माझे'. वर 'सुकलं', खाली 'सुकले'. लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कानाला मात्र टोचतं. कवितेतली अशी सगळी रूपं अधोरेखित करा आणि एक बाजू निवडा. मिश्रण मुद्दाम असेल, म्हणजे कवितेत दोन माणसं बोलत असतील, तर गोष्ट वेगळी.

बोलीचंही तेच. प्रमाण भाषेत चार बोली शब्द पेरले की कविता 'मातीतली' होते हा समज सोडा. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या रचना आधी ओठांवर झाल्या आणि इतरांनी उतरवून घेतल्या. त्यामुळे तिथे बोली क्रियापदांत, प्रत्ययांत, वाक्याच्या वळणात आहे. नुसती नामांवर शिंपडलेली नाही. बोलीत लिहायचं तर प्रत्ययांपासून लिहा. घरी ती बोलत नसाल तर लिहूच नका.

वाचलेल्या कवीच्या नादात

आवडता कवी आठवडाभर वाचला आणि त्याच रात्री लिहायला बसलात तर त्याचीच कविता येणार. वाचन थांबवणं हा उपाय नाही. उलट मुद्दाम नक्कल करा: तीन वेगवेगळ्या कवींच्या ढंगात एकाच विषयावर तीन कविता लिहा, वर ठळक 'अनुकरण' असं लिहून वेगळ्या वहीत ठेवा. मग आठ-दहा दिवसांनी त्याच विषयावर चौथी लिहा. प्रभाव शब्दांत क्वचित सापडतो. तो ओळीच्या लांबीत, विरामचिन्हांत आणि शेवटच्या वळणात लपलेला असतो. तिथे शोधा.

'पण असंच घडलं होतं'

कच्च्या ओळीचं हे आवडतं समर्थन. आवाज खरा असणं आणि तपशील खरा असणं या दोन गोष्टी आहेत. पोर्तुगीज कवी फर्नांदो पेसोआ (1888–1935) यांनी अल्बेर्तु काएरु, रिकार्दु रेइश, आल्वारु द कांपुश अशा काल्पनिक कवींच्या नावाने लिहिलं, प्रत्येकाचा स्वभाव आणि शैली वेगळी ठेवून. कवितेला हवं असेल तर बहिणीचा भाऊ करा, पाऊस काढून टाका. कुणी पुरावा मागायला येत नाही.

गुळगुळीत करत जाणं

दुसऱ्याला कविता दाखवली की अडलेली जागा कळते, पण सोबत एक तयार ओळही मिळते. जागा घ्या, ओळ परत करा. यंत्राकडून 'सुधारून' घेतलेल्या कवितेत तर सगळ्या ओळी सारख्याच चकचकीत होतात, कारण ते सगळ्यात जास्त वापरलेल्या शब्दाकडे झुकतं. प्रत्येक खर्डा तारखेसह जपा. पाचव्या खर्ड्यानंतर पहिला काढून बघा, कोणत्या ओळी गेल्या? मोठ्याने वाचायला संकोच वाटणारी ओळ गेली असेल तर ती परत आणून तिच्याभोवतीची कविता दुरुस्त करा.

शेवटच्या दोन ओळींवर वेगळी नजर ठेवा. टाळीसाठी लिहिलेली ओळ बहुधा तिथेच असते. त्या दोन ओळी झाकून तीन दिवस ठेवा आणि मग वाचा. कविता आधीच थांबलेली दिसली तर काढून टाका.

स्वतःचीच नक्कल

एका कवितेचं कौतुक झालं की पुढच्या सहा तशाच येतात. वर्षातून एकदा आपल्या शेवटच्या वीस कवितांच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळी एका पानावर उतरवा. चारदा 'खिडकी' आली, सहा कविता प्रश्नचिन्हावर संपल्या, असं काही ना काही सापडतंच. पुढच्या पाच कवितांसाठी ते बंद. सहावीत हवं तर खिडकी उघडा.