टीयूआरपीच्या (लघवीच्या मार्गातून प्रोस्टेट खरवडून काढायच्या ऑपरेशनच्या) टेबलाशी नव्याने उभे राहणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी

ग्लायसिनचं पुराण सांगत बसत नाही. मोनोपोलर कॉटरीला (विजेने कापणाऱ्या उपकरणाला) सलाईन चालत नाही म्हणून धुवायला १.५ टक्के ग्लायसिन, ते प्रोस्टेटच्या उघड्या व्हेन्समधून आत शिरलं की सोडियम घसरतं, १२०च्या खाली गेलं की फिट्सची भीती. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हे सगळे घडाघडा म्हणतात.

मला सांगायचंय ते बायपोलर कॉटरीचं, जिला सलाईन चालतं. ‘सलाईन आहे, टेन्शन नाही’ हे वाक्य प्रत्येक ओटीत ऐकू येतं, आणि नव्याने आलेला तिथेच फसतो. मीही फसले होते. सलाईनने सोडियम पडत नाही, बरोबर. पण पाणी आत जायचं थांबतं का? व्हेन्स त्याच, बाटली तितक्याच उंचीवर. एबीजीत (रक्ताच्या तपासणीत) सोडियम १३८ बघून आपण निवांत, आणि पेशंटच्या फुप्फुसांत पाणी भरत असतं. फार तर क्लोराइड वाढलेलं, ॲसिडोसिस सुरू झालेला दिसेल. सोडियम नॉर्मल म्हणजे किती लिटर आत गेलं याचा पत्ताच नाही.

म्हणून मोजा: आत सोडलेलं वजा बादलीत परत आलेलं. तीन लिटरच्या किती बॅगा लागल्या हे सिस्टरांना विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. खरी गोची बादलीची. केस चालू असतानाच मामा (वॉर्डबॉय) भरलेली बादली ओतून येतात, कुणी लिहीत नाही, आणि हिशेब संपला. लिस्ट सुरू व्हायच्या आधीच मामांना सांगून ठेवा. फरशीवर सांडलेलं, ड्रेप्समध्ये मुरलेलं धरलं नाही तर आत गेलेला आकडा फुगतो. लघवी आणि रक्त बादलीत मिसळतं, त्याने तो कमी दिसतो. अंदाजच असतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. हिस्टेरोस्कोपीच्या (गर्भाशयाच्या दुर्बिणीच्या) गाइडलाइन्समध्ये तरुण, निरोगी बाईला सलाईनची मर्यादा अडीच लिटर, वयस्कर किंवा हृदयरोगी असेल तर दीड. आपले आजोबा सत्तरीचे, हृदयाचा इको बेताचा. तुम्हीच ठरवा.

स्पायनलमध्ये (पाठीतून दिलेल्या भुलेत) पेशंटशी बोलत राहा. ‘झोप लागू दे त्यांना’ म्हणून मिडाझोलाम देणारे सिनिअर मला पटत नाहीत. सारख्या जांभया, चुळबुळ, ‘डॉक्टर, उशी जरा वर करा’, ही वाक्यं मॉनिटरच्या आधी येतात. खांदा दुखतोय म्हणाले तर परफोरेशन होऊन (भोक पडून) पाणी पोटात गेलंय का ते बघा.

आणि उठसूट लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) नको. फुप्फुसं ओली असतील तर जरूर द्या. ग्लायसिनच्या केसमध्ये सोडियम आधीच पडलेलं असताना नुसतं रिवाज म्हणून दिलं तर ते आणखी पडू शकतं. फिट आली तर ३ टक्के सलाईन, १०० मिलीचा बोलस (एकदम दिलेला डोस), पुन्हा सोडियम तपासा. २४ तासांत सोडियम ८ ते १०पेक्षा जास्तने चढवू नका.

घाबरू नका, बहुतेक केसेस सुरळीत जातात. पण तासाच्या पुढे रिसेक्शन (प्रोस्टेट कापणं) चाललं आणि आकडा वाढत असेल तर सर्जनना मोठ्याने लिटरमध्ये सांगा. ओरडतील. हिमोस्टॅसिस करून (रक्तस्राव थांबवून) थांबता येतं, प्रोस्टेटचा उरलेला लोब पुढच्या सिटिंगला काढता येतो.